विश्लेषण : ‘ए डीजे, हळदीचं लाव!’ पब्लिकची गाणी वाजवत वाजवत डीजे घडतो का?

आपल्याकडे डीजे ‘असतो’ असं कुणी म्हणत नाही, डीजे ‘लावतात’. ‘हळदीला डीजे लावलाय’, ‘विसर्जनाला डीजे बंद’, ‘डीजेमुळे खिडक्या हादरल्या’. या तिन्ही वाक्यांत डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. लॅपटॉपमागे उभा असलेला माणूस त्यात कुठेच नाही. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पट्ट्यात लग्नसराईत असे कितीतरी तरुण कन्सोलमागे उभे असतात. त्यांच्यापैकी अनेकांना एकच प्रश्न छळतो : रोज तीच ४० गाणी वाजवून आपण डीजे म्हणून पुढे जातोय की फक्त बटणं दाबतोय?

प्रश्न नेमका काय आहे?

माझा इंजिनीअरिंगचा एक वर्गमित्र आठवडाभर अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी डीजे वाजवतो. गेल्या लग्नसराईत तो मला म्हणाला, ‘‘सुपाऱ्या वाढल्यात, पण हात थांबलाय. कन्सोल विकून टाकू का?’’ त्याची तक्रार पैशांची नव्हती. घरी हेडफोन लावून तो हाऊस आणि टेक्नो मिक्स करतो. मांडवात मात्र लोकांना जे हवं तेच लावावं लागतं. मग शिकायचं कधी?

या क्षेत्रातला सर्वसाधारण समज असा की शिकायचं घरी आणि कमवायचं मांडवात. माझं मत उलट आहे. मांडव हीच शाळा आहे. फक्त तिथे हजेरी लावण्यासाठी जाऊन उपयोग नाही, अभ्यासाला जावं लागतं.

या पट्ट्यातलं ‘पब्लिक’ म्हणजे कोण?

कल्याण-बदलापूर रोडवर काही किलोमीटरच्या अंतरात श्रोता पूर्ण बदलतो. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं शहर. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळालं आणि आजही पत्ता ‘कॅम्प नंबर’नेच सांगितला जातो. तिथल्या सिंधी लग्नात लाडा म्हणजे पारंपरिक लग्नगीतं, छेज नाच आणि पंजाबी पॉप अशी तिन्ही गाणी एकाच रात्रीत लागतात. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि एमआयडीसीमुळे देशभरातून आलेली कुटुंबं आहेत. एकाच सोसायटीत भोजपुरी, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही फर्माइशी येतात. १४ एप्रिलला भीमगीतांशिवाय चालत नाही. बदलापूरच्या आसपासच्या गावांत आगरी-कुणबी कुटुंबांची हळद, तर नव्या इमारतींत डोंबिवली-ठाण्यातून घर घ्यायला आलेला मध्यमवर्ग.

मोठ्या शहरातल्या क्लबमध्ये एका ठराविक संगीताची आवड असणारे लोक तिकीट काढून येतात. ते आधीच तुमच्या बाजूने असतात. इथे आजी, नवरदेवाचे मित्र, काकू आणि सहा वर्षांची पोरं एकाच वेळी समोर उभी असतात. यातला कुणीही डीजे ऐकायला आलेला नसतो. अशांना अडीच तास नाचतं ठेवणं ही सोपी परीक्षा नाही.

हळदीचा ठेका सॉफ्टवेअरला का कळत नाही?

हा मुद्दा थोडा तांत्रिक आहे, पण सगळी मेख इथेच आहे.

टेबलावर बोटाने ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन’ असा ठेका धरा. बहुतेक कोळीगीतं आणि हळदीची गाणी या सहा मात्रांच्या चालीत असतात. आता ‘एक-दोन-तीन-चार’ धरा. पंजाबी पॉप, हाऊस आणि बॉलीवूडची बरीचशी नाचाची गाणी या चालीतली. रेकॉर्डबॉक्स, सेराटो किंवा व्हर्च्युअल डीजे ही सॉफ्टवेअर प्रामुख्याने चारच्या हिशेबावर बेतलेली आहेत. सहा मात्रा म्हणजे तीन-तीनचे दोन गट. पण सॉफ्टवेअर त्यांनाच दोन-दोनचे तीन गट समजू शकतं. मग मिनिटाला ९० ठोक्यांचं गाणं स्क्रीनवर १३५ दिसतं. त्यावर ‘सिंक’ दाबलं की दोन गाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात.

बदलापूरजवळच्या एका हळदीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. पंजाबी गाण्यावरून मित्राने थेट हळदीच्या गाण्यावर उडी मारली. पोरांची पावलं चुकली, बायकांचा फेर मोडला आणि दोन मिनिटांत मधली जागा रिकामी झाली. त्याच मांडवात आधी बेंजो पार्टी वाजून गेली होती. ऑक्टापॅडवाले काका बाजूला चहा पीत बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, ‘‘अरे, ठेका असा पलटत नाहीत. आधी लोकांच्या पायाला सांगावं लागतं.’’

त्यांची पद्धत साधी होती. आधी सगळी वाद्यं थांबवून फक्त ठोका ठेवायचा. दोन ठोक्यांमधली जागा रिकामी सोडायची, म्हणजे तिथे तीन भाग आहेत की दोन, हे कानाला कळतच नाही. मग एक तिहाई घ्यायची आणि समेवर नवा ठेका सोडायचा. डीजेच्या भाषेत सांगायचं तर चालू गाण्याचा एक तुकडा लूपवर टाका, इक्वलायझरने मधले आणि वरचे स्वर काढा, फक्त किक ठेवा, पुढच्या गाण्याची किक त्यावर बसवा आणि मग पडदा उघडा. मित्राने पुढच्या सुपारीत हे करून पाहिलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा बसलं. हाऊसचं हाऊसला जोडणाऱ्याला असा प्रश्न सहसा पडत नाही, त्यामुळे त्याचं उत्तर शोधायची वेळही येत नाही.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय. डीजेच्या कलेतला एक मोठा शोध अशाच घरगुती पार्टीत लागला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जमैकातून आलेला कूल हर्क हा १८ वर्षांचा मुलगा बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवत होता. नाचणारे गाण्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट पाहतात, हे त्याच्या लक्षात आलेलं होतं : गाणं थांबून फक्त ड्रम उरतो ती जागा. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि ती जागा पुन्हा पुन्हा वाजवून लांबवली. हिप-हॉपचा इतिहास तिथून सांगितला जातो. हर्कने ऐकणाऱ्यांना अभिरुची शिकवली नाही, त्यांच्या पायांकडे पाहिलं.

आपल्याकडचं उदाहरण न्यूक्लिया म्हणजे उद्यन सागरचं. वरात-मिरवणुकीतला रस्त्यावरचा आवाज त्याने इलेक्ट्रॉनिक संगीतात आणला आणि २०१५ चा ‘बास राणी’ हा अल्बम गणेशोत्सवातच प्रकाशित केला. ज्या आवाजाला क्लबवाले नाकं मुरडत होते, तोच पुढे मोठमोठ्या महोत्सवांत वाजला.

रात्री १० ची मर्यादा : अडथळा की शिस्त?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. २०१८ मध्ये गणेश विसर्जनाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला होता.

डीजेवाल्यांमध्ये या नियमांवरून नाराजी आहे. पोटाचा प्रश्न आहे, हेही खरं. पण ज्यांना डीजे म्हणजे भिंत नव्हे तर माणूस अशी ओळख हवी आहे, त्यांनी हा नियम आपल्या बाजूचा मानावा.

कारण आवाजाचं गणित. स्पीकरला मिळणारी ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. ‘माझ्याकडे त्याच्यापेक्षा चार बेस जास्त’ ही स्पर्धा भाडं वाढवते, मजा नाही. शिवाय सगळ्यात आधी बळी जातो तो डीजेचाच कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो, ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते. दोन सुपाऱ्यांत ती संपते.

वेळेचंही तसंच. साडेसातला सुरू होऊन १० ला बंद करायचं तर हातात १५० मिनिटं. एक गाणं सव्वादोन मिनिटं वाजवलं तर ६५-६६ गाणी. चढ कुठे, उतार कुठे, वरमाईचं गाणं कधी, हे आधी ठरवावं लागतं.

मग सुधारायचं कसं?

• प्रत्येक सेट रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये ऐका. मांडवात भारी वाटलेला जोड डब्यात लगेच उघडा पडतो.

• एका सुपारीत एकच गोष्ट शिका. आज फक्त ठेका पलटणं, पुढच्या वेळी फक्त लूप. सगळं एकदम करायला गेलात तर पब्लिकही जाईल आणि शिकणंही.

• दहातली सात गाणी ओळखीची ठेवा. दोन त्यांच्याच ओळखीच्या ठेक्यावरची, पण न ऐकलेली. एक पूर्ण तुमची. तुमचं गाणं दोन हुकमी गाण्यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे फसलं तरी सावरता येतं.

• फर्माइश म्हणजे अपमान नाही, माहिती आहे. ‘ताई, दोन गाण्यांनी लावतो’ म्हणा आणि खरंच लावा. कुणी काय मागितलं ते घरी जाऊन लिहून ठेवा. तीन महिन्यांत तुमच्या पट्ट्याचा नकाशा तयार होतो.

• फाइल चांगली वापरा. यूट्यूबवरून ओढलेलं गाणं मोबाइलवर चालतं, मोठ्या सिस्टीमवर फाटतं. मिक्सरवरचा लाल दिवा सतत पेटलेला असेल तर तो जोश नाही, आवाज कापला जातोय.

• कानात इअरप्लग घाला. हा धंदा कानावर चालतो.

• बेंजोवाल्यांशी बोला. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते, तेव्हा बाजूला उभे राहून ऐका. ठेका कुठून आला हे कळल्याशिवाय तो मोडता येत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे

नुसतं वाजवत राहिल्याने कुणी सुधारत नाही. सलग चार रात्री तोच सेट वाजवला तर हात चपळ होतो, कान तिथेच राहतो. काही जण पाच वर्षांपूर्वीचं फोल्डर आजही जसंच्या तसं चालवतात आणि खापर पब्लिकवर फोडतात. शिवाय सगळ्या यजमानांना प्रयोग नको असतात. ज्याने घरच्या कार्यासाठी पैसे मोजलेत, त्याच्या मुलीच्या हळदीत आपली टेक्नोची हौस भागवणं हा शहाणपणा नाही. ज्याला टेक्नोच करायचंय, त्याने त्याची वेगळी वाट धरावी, मुंबईत किंवा गोव्यात जाऊन ऐकावं. पण मांडवातलं काम कमी दर्जाचं मानून तिथे अर्ध्या मनाने उभं राहू नये. अर्धं मन समोरच्याला लगेच दिसतं.

थोडक्यात

मित्राने कन्सोल विकलेला नाही. तो अजूनही म्हणतो की त्याला कधीतरी दोन तास सलग हाऊस वाजवायचंय, आणि ते त्याला मिळायला हवं. पण आता तो सुपारीवरून आल्यावर ‘किती मिळाले’च्या आधी ‘आज कुठे फसलो’ हे सांगतो.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे डीजे लावणाऱ्यांचा. पुढच्या वेळी घरच्या हळदीसाठी फोन कराल तेव्हा ‘बेस किती, टॉप किती’ हे विचारण्याआधी ‘वाजवणार कोण’ हे विचारा. त्याचा एखादा रेकॉर्ड केलेला सेट मागवून ऐका. भिंतीचं भाडं आपण आजवर देत आलोच आहोत, आता माणसाचंही देऊ.