मान एकाला, मोल दुसऱ्याला

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा, सुळगा मागे टाकल्यावर उचगावचा फाटा लागतो. आणखी थोडे पुढे जाऊन बाची ओलांडली की शिनोळीपाशी महाराष्ट्राची हद्द सुरू होते. मळेकरणी देवीमुळे प्रसिद्ध असलेल्या या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. ग्रंथदिंडी निघते, बाहेरगावचे लेखक-कवी येतात आणि शेतातली कामे आटोपून माणसे मांडवात येऊन बसतात. कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांनीही ही परंपरा निष्ठेने जपली आहे. राजाश्रय नसताना एखादी भाषा कशी टिकते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने सीमाभागातील ही संमेलने पाहावीत. त्या मांडवात गुरुजींना पुढची खुर्ची मिळते, शाल आणि श्रीफळ मिळते. हे दृश्य समाधान देणारे आहे. परंतु त्याच मांडवात बसलेल्या एखाद्या बापास, तुमच्या मुलाने पुढे काय व्हावे, असे विचारून पाहावे. ‘शिक्षक’ हे उत्तर आता क्वचितच येईल. ‘पोलिसात लागला तर बरे’ हे उत्तर मात्र हमखास ऐकू येईल.

या उत्तरात गमतीची गोष्ट अशी की, ज्या भागात पोलिसाविषयी सर्वाधिक अविश्वास असावयास सबळ कारणे आहेत, त्याच भागातून ते येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, त्याआधीच त्या वर्षीच्या जानेवारीत येथे पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली होती. कानडी सक्तीविरुद्ध १ जून १९८६ रोजी उभ्या राहिलेल्या आंदोलनातही गोळीबार झाला. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा फलक हटविण्यावरून लाठीमार झाला आणि घरांत शिरून मारहाण केल्याच्या तक्रारी झाल्या. अशा गावांतील माणसाला खाकी गणवेश दिसताच संरक्षणाची भावना होत नसेल, तर त्यात त्याचा दोष तो किती? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो. सीमाभागातील शहाणा पोलीस ठाण्याची पायरीही टाळतो. तेथे त्याला आपले गाऱ्हाणे दुसऱ्याच्या भाषेत सांगावे लागते, आणि काय लिहून घेतले गेले हे त्यास वाचताही येत नाही.

तरीही पोलिसातली नोकरी हवी. हा विरोधाभास केवळ सीमाभागाचा नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पोलीस शिपाई व तत्सम १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले. या पदास बारावी उत्तीर्ण होणे पुरेसे असते. पण अर्ज करणाऱ्यांत अभियंते होते, वकील होते, व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या घेतलेले होते. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही वाडवडिलांची उतरंड आपण केव्हाच उलटी केली. आता त्या उलट्या उतरंडीतही सर्वांत वर जाऊन बसली आहे ती कायमची सरकारी नोकरी. वधुपित्याचा पहिला प्रश्न मुलगा काय शिकला हा नसतो. तो ‘पर्मनंट’ आहे काय, हा असतो.

या वेडास केवळ वेड म्हणून हसणे सोपे आहे. परंतु सामान्य माणसाचा हिशेब सहसा चुकत नाही. शासनाने स्वतःच आकडे मांडून ठेवले आहेत आणि तो ते वाचतो. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक नावाची योजना आणली. प्राथमिक शाळेत लागणाऱ्या तरुणास पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन ठरले. पुढे ते ६,००० झाले आणि २०२३ च्या आरंभी १६,०००. याच काळात सातव्या वेतन आयोगानुसार पोलीस शिपायाची मूळ वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून सुरू होऊ लागली, भत्ते निराळे. म्हणजे कित्येक वर्षे अशी गेली की, बारावीनंतर अध्यापन पदविका घेऊन, पात्रता परीक्षा देऊन, निवड चाचणी देऊन जो तरुण वर्गात उभा राहिला, त्याच्या हाती बारावीच्या बळावर भरती झालेल्या त्याच्या मित्राच्या मूळ वेतनाचा तिसरा हिस्साही पडत नव्हता. आणि ‘सेवक’ हा शब्द तरी पाहा! पगार देता येत नाही तेथे सेवेचे तत्त्वज्ञान सांगावयाचे, ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे.

हे भाग्यही सर्वांच्या वाट्याला आले नाही. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे धोरण आले. ‘कायम’ हा शब्द पुढे २००९ मध्ये वगळला गेला, पण तेवढ्याने अनुदान दारी आले नाही. अनेक शिक्षकांची उमेदीची वर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर सरली. महाविद्यालयांत ‘तासिका तत्त्वा’वर शिकवणारे, पीएच.डी. झालेले प्राध्यापक तासाच्या हिशेबाने मोबदला घेतात आणि सुट्टीचे महिने रिकाम्या हाताने काढतात. कर्नाटकातही चित्र फारसे निराळे नाही. तेथील सरकारी शाळांत ‘अतिथी शिक्षक’ नेमून वर्षामागून वर्ष निभावले जाते. अतिथीस आपण देव मानतो खरे, परंतु शाळेतल्या या अतिथीला मानधनाची वाट पाहत बसावे लागते आणि पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही याची खात्री नसते.

पोलिसाचा येथे हेवा करण्याचे कारण नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बारा-चौदा तासांची पाळी, सणासुदीला बंदोबस्त, गळक्या वसाहती आणि वरिष्ठांपुढे मूग गिळून राहणे, हे शिपायाचे जीवन आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांचा असंतोष इतका भडकला की रस्त्यावर लष्कर आणावे लागले. २०१६ च्या जूनमध्ये कर्नाटकातील पोलिसांनी पगार आणि रजा यांसाठी सामूहिक रजेची हाक दिली. शासनाने ती दडपली, पण दुखणे त्यातून जगास दिसले. त्याच वर्षी मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला आणि पोलिसालाही घर असते, ही गोष्ट प्रथमच कोणाच्या तरी ध्यानी आली. जो स्वतः चौदा तास उभा आहे त्याच्याकडून सौजन्याची अपेक्षा करणारा समाज स्वतःशीच प्रामाणिक नसतो. १८६१ च्या पोलीस कायद्याने निर्माण केलेले हे दल परक्या सरकारचा वचक बसविण्यासाठी होते. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने त्यात बदल सुचविले. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निश्चित आदेश दिले. राज्यांनी त्यांची अंमलबजावणी कशी टाळली, याचा इतिहास एखाद्या कज्जेदलालालाही लाजवील असा आहे. पोलीस आपल्या हातचा राहावा, ही सत्ताधाऱ्यांची इच्छा पक्ष बदलला म्हणून बदलत नाही.

तेव्हा खरा प्रश्न पोलिसाला जास्त मिळते आणि शिक्षकाला कमी, एवढाच नव्हे. आपण ज्यास भितो त्यास मोल देतो आणि ज्यास पूजतो त्यास केवळ मान देतो, हा आहे. ज्याच्या हातात उद्या आपले काही बिघडविण्याची शक्ती आहे, त्याच्याकडे आपले लक्ष असते. ज्याच्या हातात आपले मूल घडविण्याची शक्ती आहे, त्याच्याकडे वर्षातून एकदा, शिक्षक दिनी. अशा समाजात पदवीचे काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. विद्या ही तेथे विद्या राहत नाही. ती कायमच्या नोकरीच्या दारावर दाखवावयाचा परवाना होते. आणि परवाना म्हटला की तो परीक्षा देऊन मिळवण्यापेक्षा विकत घेणे सोपे, असे म्हणणारा दलाल आलाच.

हा तर्क नव्हे. आपल्या तिन्ही शेजारी राज्यांनी दिलेला पुरावा आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार पुणे पोलिसांनी उघडकीस आणला. परीक्षा घेणाऱ्या परिषदेचा प्रमुखच अटकेत गेला आणि ७,८०० हून अधिक उमेदवारांवर पुढे कारवाई झाली. मुलांना खोटे बोलू नये असे शिकविण्याचा अधिकार पैसे देऊन मिळविण्याचा हा उद्योग होता! कर्नाटकात ५४५ पोलीस उपनिरीक्षकांच्या भरतीची परीक्षा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. तिच्या उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे निष्पन्न होऊन २०२२ मध्ये ती रद्द करावी लागली आणि भरती विभागाच्या प्रमुखपदी राहिलेल्या अतिवरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासच अटक झाली. चोर पकडणाऱ्यांची निवडच चोरीस गेली. आणि गोव्याने दुसऱ्यांकडे बोट दाखवून हसण्याचे कारण नाही. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरी मिळवून देतो असे सांगून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे आपल्या राज्यात एकामागून एक बाहेर आली. लुबाडणारे गुन्हेगार होते, यात शंका नाही. पण पैसे देणाऱ्यांनी ते का दिले? जमीन गहाण ठेवून, दागिने मोडून ही रक्कम उभी करणाऱ्या बापाला मनातून ठाऊक होते की, मुलाच्या पदवीने हे दार उघडणार नाही. पदवीवरील समाजाचा विश्वास किती उरला आहे, याचे याहून कठोर मोजमाप कोणते?

या साऱ्याची सर्वांत जड किंमत मोजावी लागते ती उचगावसारख्या गावांना. राज्याच्या मध्यभागी असलेल्या गावात एक शिक्षक कमी झाला तर एक वर्ग बुडतो. सीमेवरच्या मराठी शाळेतून शिक्षक गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही, तर पालक मूल काढून घेतात. पट घसरला म्हणून शाळा बंद होते. आणि शाळेपाठोपाठ गावातल्या मराठीचे लेखन-वाचन संपते. भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे राज्यघटनेचे कलम ३५०-क १९५६ पासून सांगत आले आहे. पण ते कलम वर्गात जाऊन शिकवत नाही. त्यासाठी पगार घेणारा, पुरेसा पगार घेणारा, मराठी शिक्षक लागतो. ८६५ गावांवर महाराष्ट्राने दावा सांगितला. २००४ मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दाव्याचा निर्णय लागेल तेव्हा लागो. तोपर्यंत ज्या मुलांच्या भाषेसाठी हा लढा आहे, त्या मुलांना ती भाषा लिहिता आली पाहिजे, एवढे पाहणे तर आपल्या हाती आहे. कोकण-गोव्यातील वाचकांनी यास दूरची गोष्ट समजू नये. आपल्याकडील सरकारी मराठी प्राथमिक शाळाही विद्यार्थ्यांअभावी एकेक करून बंद पडत आल्या आहेत. येथे भाषेवर सक्ती नव्हती, गोळीबार नव्हता. केवळ आपली अनास्था होती.

उपाय अवघड आहेत, पण अज्ञात नाहीत. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना गावच्या प्राथमिक शिक्षकाचे वेतन वाढवावे आणि गावच्या कारभारातील जबाबदारीची कामे त्याच्याकडे सोपवून त्याचा दर्जा उंचवावा, असे सुचविले होते. वेतनावाचून मान ही पोकळ गोष्ट आहे, हे त्यांनी जाणले होते. त्यास जवळजवळ दीड शतक लोटले. आज पहिली मागणी हीच असावी की, कायम पदावर कायम शिक्षक नेमला जावा. सेवक, अतिथी, तासिका ही सोज्वळ नावे देऊन चाललेली काटकसर थांबावी. दुसरी ही की, ज्या गावांत भाषिक अल्पसंख्यांची वस्ती मोठी आहे तेथील पोलीस ठाण्यात त्यांची भाषा जाणणारा कर्मचारी असावा आणि फिर्याद फिर्यादीला समजेल अशा भाषेत त्याच्या हाती पडावी. कानडी असो वा मराठी, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्यांना हा न्याय सारखाच लागू आहे. सोलापूर, सांगलीच्या कानडी गावांत आपण जे देण्यास तयार नसू ते बेळगावात मागण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. तिसरी, भरती आणि पात्रता परीक्षा घेणाऱ्या मंडळांवर सत्ताधाऱ्यांची सावली पडू नये.

या मागण्या सरकारकडे झाल्या. समाजाकडेही एक मागणी आहे आणि ती पुरवण्यास कोणा मंत्र्याची सही लागत नाही. गावच्या शाळेत मास्तर किती आहेत, त्यांपैकी किती जणांचा पगार वेळेवर होतो, हे गावाने दरवर्षी विचारावे. ग्रामसभेत हा प्रश्न आला की शिक्षणाधिकाऱ्याकडे उत्तर मागता येते. संमेलनाच्या मांडवात गुरुजींच्या खांद्यावर शाल घालणारे हात जेव्हा त्याच गुरुजींच्या रखडलेल्या मानधनासाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जातील, तेव्हा त्या शालीस अर्थ येईल. आणि तेव्हाच एखादा हुशार मुलगा बापापुढे उभा राहून मला शिक्षक व्हायचे आहे असे म्हणेल, व बाप त्यास वेड्यात काढणार नाही.