बालकांचे कार्टून आणि घरातील शांतता

जबलपूरच्या ओमतीसारख्या गजबजलेल्या वस्तीत वाढणारे मराठी घरातील चार वर्षांचे मूल ‘मोटू पतलू’ पाहते, ते बहुधा हिंदीतून. ‘लोटपोट’ मासिकाच्या पानांवरील ही जोडी २०१२ साली दूरचित्रवाणीवर आली. एकच भाग मूल आठ-दहा वेळा पाहते, पुढचा संवाद आधीच म्हणून दाखविते आणि पडदा बंद होताच आकांत मांडते. वडीलधारी मंडळी याला खूळ म्हणतात. वस्तुतः यातील निम्मे तरी खूळ नसून अभ्यास होय.

प्रौढ मनुष्य कथेत नावीन्य शोधतो. बालक तीत ओळखीची खूण शोधते. कारण आणि परिणाम यांचा दुवा त्याला पहिल्या खेपेस सापडत नाही. अमेरिकेत १९९६ साली ‘ब्लूज क्लूज’ ही बालमालिका सुरू झाली, तेव्हा एकच भाग लागोपाठ पाच दिवस दाखविण्याची रीत मुद्दाम ठेवण्यात आली होती. मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन प्रभृतींनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पुनःपुन्हा पाहिल्याने मुलांचे आकलन वाढते आणि ती पडद्यातील प्रश्नांना अधिक उत्साहाने उत्तरे देऊ लागतात. काऊचिऊच्या गोष्टीतील एक शब्द बदलला तरी नातवंडे आजीला अडवितात, त्यामागील वृत्ती हीच. गोल चेहरा व मोठे डोळे यांचे आकर्षण तर याहूनही जुने. कोन्राड लॉरेन्झ यांनी १९४३ सालीच त्याची मीमांसा केली होती.

तेव्हा आवडीला दोष देण्यात अर्थ नाही. दोष असलाच तर तो वेगात शोधावा. लिलार्ड व पीटरसन या संशोधिकांनी २०११ साली चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकास वेगवान कार्टून, दुसऱ्यास संथ कार्टून दाखविले. तिसऱ्यास चित्रे काढावयास दिली. वेगवान चित्रात सरासरी दर ११ सेकंदांनी दृश्य पालटत होते, संथ चित्रात ३४ सेकंदांनी. अवघ्या ९ मिनिटांनंतर घेतलेल्या कसोट्यांत पहिल्या गटाची मुले मागे पडली. धीर धरणे, सूचना ध्यानात ठेवून त्याप्रमाणे वागणे त्यांना जड गेले. हा परिणाम तात्कालिक होता, एवढे मात्र विसरू नये. नऊ मिनिटांनी मूल कायमचे बिघडते असा डांगोरा पिटण्यास त्यात आधार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची कमाल मर्यादा सांगितली. कमी असल्यास उत्तमच, असेही म्हटले. मर्यादा योग्यच आहे. पण घड्याळ पाहण्यापेक्षा शेवट पाहणे अधिक अगत्याचे. मोबाईलवर एक भाग संपण्यापूर्वीच दुसरा आपोआप उभा राहतो; मुलाला ‘संपले’ हा अनुभवच येत नाही. ही आपोआप चालणारी सोय प्रथम बंद करावी. भाग संपल्यावर पडदा मावळला तर रडणे थोडे कमी होते. मध्येच हिसकावून घेतल्यास ते होणारच. स्वयंपाकाच्या वेळी एकटी गृहिणी मुलापुढे मोबाईल ठेवते, तिला बोल लावणे सोपे आहे. त्या वेळी मुलास सांभाळणारे दुसरे माणूस घरात आहे काय, हे विचारणारे थोडे.

शांतता म्हणजे शिक्षा नव्हे. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीत मौनाचा खेळ आहे: मुले निश्चल बसून बारीकसारीक आवाज ऐकतात आणि हळू आवाजात आपले नाव येताच उठून जातात. १९३९ साली त्या भारतात आल्या. त्यापूर्वीच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी ही पद्धत येथे रुजविली होती. पडद्यानंतरची दहा मिनिटे अशी गेली, अथवा डाळ-तांदूळ निवडीत गेली, तरी मन ठिकाणावर येण्यास अवधी मिळतो.

जबलपुरात आणखी एक गोष्ट पणास लागलेली असते. तेथे रस्ता हिंदी, शाळा हिंदी वा इंग्रजी. मराठी काय ती घरात. पडद्याचा तास मूल एकटेच घालवील, तर तो तास मराठीच्या वाट्यातून जातो. आजोबा शेजारी बसून ‘मोटूने समोसा कोणाचा पळवला रे?’ असे मराठीतून विचारतील, तर उत्तरही पुष्कळदा मराठीतूनच येते, आणि समोशावरून बोलणे घरातील करंजीपर्यंत सहज पोचते.