मापाचे जोडे

‘मुलं परदेशी, म्हातारा एकटा’ असं ऐकलं की आपण मुलांना नावं ठेवून मोकळ्या होतो. कलकत्त्याला बेंटिंक स्ट्रीटवर मात्र माझी जीभ आवरली.

या रस्त्यावर एकेकाळी चिनी कारागिरांची जोड्यांची दुकानं ओळीनं होती. आता अगदी मोजकीच उरलीत. दक्षिण चीनमधून पोटासाठी आलेले हे हाक्का लोक. कामं कशी वाटली गेली होती पाहा: कँटनकडचे सुतार, हुबेईचे दातांचे डॉक्टर, आणि हाक्कांकडे चामडं नि जोडे. (चीनमध्ये मुलींची पावलं बांधून ठेवीत, तेव्हाही हाक्का बायका बांधत नसत. शेतात राबायचं तर पाय मोकळे हवेत ना!)

आमच्या ह्यांनी तिथे जोडे करवले. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांनी कागदावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिलीनं कड काढली, फितीनं पायाचा उंचवटा मोजला. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून माप संध्याकाळकडे घ्यावं म्हणाले. आपण तयार चपला घेतानाही हे ध्यानात ठेवावं. वरचं चामडं लाकडी साच्यावर ताणून खिळ्यांनी बसवायचं आणि तसंच राहू द्यायचं. घाई केली की जोडा आकार सोडतो. आजोबा लहानपणी वडिलांबरोबर आलेले. हिंदी माझ्याहून सफाईदार!

पत्नी वारली, मुलं टोरोंटोला. माझ्या तोंडून गेलंच, “येत नाहीत का हो भेटायला?”

“मीच पाठवलं त्यांना,” ते म्हणाले.

१९६२ च्या युद्धानंतर आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडच्या चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. सुमारे तीन हजार माणसं, त्यांत लेकुरवाळ्या बायकाही. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. कलकत्त्यातले बहुतेक वाचले, पण पोलिसांत नाव नोंदवायचं आणि परवानगीवाचून शहराबाहेर जायची चोरी. इथेच जन्मलेल्यांचीही तीच गत. मग आईबापांनीच पोरांना बाहेरची वाट दाखवली. मी बी. ए. ला इतिहास शिकले, त्यात हे पान कुठे आलं नव्हतं.

“मग तुम्ही का नाही गेलात?” ह्यांनी विचारलं.

“जाऊन आलो ना, दोन महिने. सून फार चांगली आहे. पण तिथे सगळे तयार जोडे घालतात.” असं म्हणून त्यांनी ह्यांच्या पावलाच्या कागदावर तारीख घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी स्टूल सरकवलं.