यंत्राचा नगारा आणि ल्यूबेकचा ऑर्गन

सायंआरतीची वेळ होते, कोणी एक बटण दाबतो, आणि नगारा, घंटा व झांज एकाच पेटीतून एकाच ठेक्यात बडवली जाऊ लागतात. हात चुकत नाही. पण हात रंगतही नाही. आमच्या अनेक देवळांत आज हेच चालले आहे, आणि या सोयीचे कौतुक करणारे महाजन आम्हांस पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एका दूरच्या चर्चची हकीकत सांगणे अवश्य वाटते.

उत्तर जर्मनीतील ल्यूबेक या जुन्या व्यापारी शहरात सेंट मेरीचे विटांचे भव्य चर्च आहे. तेथील ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांतील पायाने भाता चालवावयाचा ऑर्गन नव्हे. भात्यांत कोंडलेला वारा लहानमोठ्या असंख्य नळ्यांतून सोडून सबंध वास्तू निनादविणारे ते वाद्य. 1668 साली डीट्रिश बुक्स्टेहूडे तेथे वादक झाला. चर्चचा हिशेबही तोच पाही. फ्रान्स टुंडर या त्याच्या पूर्वाधिकाऱ्याने आरंभिलेल्या मैफलींना त्याने नियमित रूप दिले. नाताळापूर्वीच्या मोसमात पाच ठरलेले रविवार, सायंकाळचे संगीत, सर्वांस मुक्तद्वार आणि खर्च व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून! त्या देणग्यांसाठी या थोर वादकाला स्वतः पत्रे लिहावी लागत, आणि गर्दीचा गोंगाट आवरण्यास शहराचे शिपाई उभे करावे लागत. म्हणजे तेथेही सारे सुखाने चालले होते असे नव्हे. पण चालले होते.

1705 साली वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख हे वादन ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून निघाला. चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर तो पायी गेला, असे त्याच्या मृत्युलेखात नमूद आहे. रजा चार आठवड्यांची. परतला सुमारे चार महिन्यांनी, आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पुढे 1942 च्या मार्चमध्ये ब्रिटिश विमानांच्या बाँबवर्षावात ते चर्च जळाले, ऑर्गन नष्ट झाला, मनोऱ्यातील घंटा कोसळून फुटल्या. त्या भग्न घंटा स्मारक म्हणून आजही पडल्या जागीच ठेवल्या आहेत. संगीत मात्र भग्न ठेवले नाही. 1968 साली तेथे नवा मोठा ऑर्गन उभा राहिला, आणि ऑर्गनच्या मैफली त्या वास्तूत पुन्हा नांदू लागल्या.

यावर कोणी म्हणेल, “चर्चचे गोडवे आम्हांस कशाला? आमची देवळे कोणी पाडली?” तो इतिहास विसरा असे आम्ही म्हणणार नाही. 1560 मध्ये श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळास यावे लागले, हे आमच्याही उरात आहे. पण ल्यूबेकच्या लोकांचा त्या पापाशी संबंध काय? आणि आज आमच्या देवळांतील सनई मुकी झाली ती कोणत्या फिरंग्याच्या हुकुमाने? आमच्याच समित्यांच्या ठरावांनी!

दुसरा आक्षेप असा की, आता वाजवणारे मिळतच नाहीत. का मिळावेत? संगमरवरी फरशीला, रोषणाईला, कमानीला देणगीदार आहेत. दात्यांच्या नावाच्या पाट्यांना भिंती पुरत नाहीत. सनईवाल्याच्या पोटाला मात्र उत्सवापुरती बिदागी! वर्षातून चार दिवस जेवून बारा महिने रियाझ कोणी करावा?

येथे एक कटू सत्यही बोलले पाहिजे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या नावांनी आज आपण छाती फुगवतो. ज्या कलावंत समाजातून त्या आल्या, त्याने आमच्या देवळांत पिढ्यान्पिढ्या गायनसेवा केली, आणि आम्ही त्यांची कला घेतली, मान दिला नाही. ते लोक त्या बंधनातून बाहेर पडले हे योग्यच झाले. त्यांना पुन्हा तेथे ओढण्याचा विचारही पाप आहे. पण सेवेतील अन्याय गेला म्हणून सेवाच संपविणे हा न्याय नव्हे. अन्यायाच्या जागी वेतन आणि प्रतिष्ठा आणावयाची होती. आम्ही पेटी आणली.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक मोठ्या देवस्थानाने निदान एक वादक नित्य वेतनावर नेमावा, मग तो कोणत्याही जातीचा असो. त्याच्या हाताखाली गावची दोन मुले शिकावीत. वर्षातून पाच संध्याकाळी सभामंडपात गायनवादन व्हावे, दार सर्वांस उघडे असावे. 2019 साली गोव्याने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून गौरविले. तो गौरव कागदावर न राहता आरतीत घुमावा.

एक पोर एका वादकासाठी चारशे किलोमीटर चालत गेले. आमच्या देवळांतील पेटी ऐकण्यासाठी शेजारच्या वाड्यावरचे पोर तरी उठून येईल काय, याचे उत्तर महाजनांनी पुढच्या सभेत द्यावे.