माळ पडीक नाही, सायकलवरनं जाऊन बघा



अभयारण्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं गेट, कुंपण आणि मनोरा येतो. आमच्या सोलापूरच्या माळावर तसं नाही. इथलं जनावर अर्धा दिवस अभयारण्यात आणि अर्धा दिवस तुमच्या-माझ्या हरभऱ्यात असतं. जीपमधनं हे कळत नाही, सायकलवरनं कळतं.

डिसेंबरात आम्ही चौघं शेतकरी नान्नज, वडाळा, माढा, करमाळा करत कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीपर्यंत सायकलवर गेलो. पोरांनी येड्यात काढलं. पन्नाशीतला माणूस सायकलवर दिसला की एकतर डॉक्टरनं सांगितलंय नाहीतर गाडीत तेल नाही, असंच धरतात. सराट्यानं तीनदा पंक्चर झाली, ते सोडा.

नान्नजच्या जवळ सकाळी सातच्या सुमाराला काळविटांचा कळप दिसला. गवतात नव्हता, हरभऱ्यात होता. एक काळा नर, पिळाच्या शिंगांचा, बाकी तांबूस माद्या आणि पोरंसोरं. सायकल चालती होती तोवर नुसती मान वर करून बघत राहिले. पाय टेकवला की कान टवकारले. उतरून चार पावलं टाकली की गेले. एक गोष्ट ध्यानात ठेवा, पहिलं जनावर रस्ता ओलांडून गेलं की लगेच पुढं घुसायचं नाही. मागचा अख्खा कळप त्याच जागेवरनं उड्या मारत येतो, आणि मोटारसायकलवाले तिथंच धडकतात.

लांडगा वडाळ्याच्या पुढं दिसला, मेंढरांच्या वाड्यापासनं थोड्या अंतरावर, नांगरटीत. आपल्या चालीनं चालला होता, एकदा मागं बघितलं आणि ओघळीत उतरला. वाड्यावरचे म्हातारे धनगर म्हणाले, "त्याचं काय न्हाई, वर्षाला दोन-चार कोकरं नेतो. कुत्री त्याच्यापेक्षा जास्त नेत्यात." मला हे पटलं. सगळ्या वाटेत लांडगा आमच्या मागं लागला नाही, पण कुत्री गावोगावी लागली. कोंबडीच्या शेडमधली मेलेली पाखरं उघड्यावर फेकली की कुत्र्यांचे कळप माजतात. तीच काळविटाची पाडसं फाडतात आणि जमिनीवरची अंडी खातात. पुण्याकडं तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झालेली जनावरं सापडली आहेत. मेलेली कोंबडी खड्ड्यात चुना टाकून पुरायला किती खर्च येतो?

माळढोक दिसला नाही. दिसेल अशी आशाही नव्हती. बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ साली नान्नजचा माळढोक लोकांपुढं आणला. १९७९ साली अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर! म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त भरेल एवढं, नगरकडचा भाग धरून. त्यात गावं, रस्ते, कारखाने, सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक पाखरालाच शिव्या देऊ लागले. पुढं ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पाखरू संपत आलं होतं. वर्षाला एकच अंडं घालणारं, तेही उघड्या जमिनीवर. अंगानं जड, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळं तारांना धडकतं. आता देशात दीडशेच्या आत उरलेत आणि जैसलमेरला पिंजऱ्यात पिल्लं वाढवावी लागतात.

यात कोण चुकलं याच्यावर गावात रोज वाद होतो. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या नान्नजचं नाव माळढोकासाठी घेतलं जातं, त्याच नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका आणि शरद सीडलेस द्राक्षं दिली. त्या द्राक्षांनी आमच्या भागातली घरं उभी राहिली, त्याला कोण नाव ठेवील? उजनीचं पाणी आलं, ऊस आला. ज्वारी, करडई, तूर, मटकी आणि मधनंमधनं सुटलेली पड, असा जो जुना फेर होता त्यात माळढोक किडे-टोळ टिपत फिरायचा. तो फेर मोडला. पण ज्वारी केली तर पोट भरतं आणि कर्ज फिटत नाही, मग शेतकऱ्यानं करायचं काय? २०२३ साली जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे, पण काढणीला मजूर मिळंना आणि भाव पडला की हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरासारखं होतं.

त्यात सातबाऱ्यावर माळाला नाव काय, तर पोटखराबा. सरकारी नकाशातही पडीक. पडीक म्हटलं की झाडं लावा नाहीतर सोलर टाका. माळावर दाट झाडी केली तर काळवीट आणि माळढोक दोघांनाही ती परकी. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य फक्त २.१७ चौरस किलोमीटर आहे. कळप तेवढ्यात कसा मावणार? तो शेजारच्या तुरीत येणारच.

म्हणून माझं मत असं की पैसा कुंपणापेक्षा बांधावर खर्च करा. अभयारण्याशेजारी जो कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभरा ठेवील आणि थोडी पड सोडील, त्याला एकरी रक्कम द्या. नुकसानीची भरपाई आहे, नाही असं नाही. तीन दिवसांत अर्ज करायचा, मग वन, कृषी आणि महसूल तिघांनी मिळून पंचनामा करायचा. पण तिघं एका दिवशी एका बांधावर आणायचे म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं आहे. तोवर हरभऱ्याला नवे फुटवे येतात आणि साहेब म्हणतात, नुकसान कुठंय?

वैतागून कुणी तारेत लाइटीचा करंट सोडू नका. गुन्हा तर आहेच, पण आपलंच गुरू-माणूस त्यात जातं. जुनी लोकं ज्वारीच्या कडेनं करडईची पट्टी लावायची, काट्यामुळं गुरं आत शिरत नव्हती. काळवीट उडी मारतंच, पण परवाच्या फेरीत ज्या दोन रानांना दाट करडई होती तिथं आत खूर कमी दिसले. पुढच्या रब्बीला हरभऱ्याच्या चारी बाजूंनी आठ-आठ ओळी टाकून बघणार आहे, जे होईल ते इथं लिहीन.