पाकिटाची पाठ

जेवणापूर्वी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास बाजूला काढून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून आता जवळजवळ उठून गेली आहे. नागपूरला आमच्या आजोबांच्या वाड्यात ती शेवटपर्यंत टिकून होती. सुटीत आम्ही तिकडे गेलो की पाहात असू. दुपारची पंगत उठली म्हणजे आजी उरलेली भाकरी ताकात कुस्करून दारच्या काळ्या कुत्र्यापुढे ठेवी. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आम्ही प्रथम ऐकली ती तिच्याच तोंडून. कुत्र्यास काय खाऊ घालावे, असा प्रश्न त्या घरात कोणाला पडल्याचे स्मरत नाही. घरात जे शिजे तेच त्यास मिळे, आणि ते कोठून आले हे सर्वांस ठाऊक असे.

१९५६ साली नवा मध्यप्रदेश झाला, तेव्हा नागपुराहून सरकारी नोकरीनिमित्त निघालेल्या अनेक मराठी कुटुंबांबरोबर आमचे वडीलही भोपाळास आले. तात्या टोपे नगरातील दोन खोल्यांच्या सरकारी बिऱ्हाडात वाडा नव्हता, पंगत नव्हती, आणि ओघानेच कुत्र्याचा घासही राहिला नाही. तो आमच्या घरी परत आला तीन वर्षांपूर्वी. कन्येने भर पावसात रस्त्यावरून एक गावठी पिलू उचलून आणले. तिने त्याचे नाव ठेवले ब्रूनो. आमच्या सौभाग्यवतींच्या तोंडी चार दिवसांतच त्याचा बन्या झाला. पुढे कन्या नोकरीसाठी पुण्यास गेली आणि दहा किलो वजनाचा बन्या आमच्या स्वाधीन झाला. निघताना ती एवढेच म्हणाली, "बाबा, याचं जेवण तुमच्याकडे हं." ज्यांची मुले दूर गावी गेली आणि मुलांची कुत्री घरी राहिली, अशा वाचकांना या एका वाक्याचे वजन निराळे सांगावयास नको.

कन्या असेपर्यंत बन्याचे खाद्य बंद पाकिटातून येत असे. आमच्या हाती कारभार आल्यावर आम्हांस काटकसर सुचली. बाजारात एका दुकानी मोठे पोते उघडे ठेवलेले असे आणि त्यातून सुटे दाणे किलोवर तोलून मिळत. "तोच माल, साहेब, फक्त पाकिटाचे पैसे वाचतात," असे दुकानदार म्हणाला आणि आम्हांस ते पटले. गतवर्षी श्रावणात आठ दिवस झड लागली होती. त्या आठवड्यात आणलेल्या दाण्यांना किंचित कुबट वास येत होता, हे सौभाग्यवतींनी बोलून दाखविले. आम्ही ते हवेवर ढकलले. तिसऱ्या दिवशी बन्याने अन्न सोडले. त्यास वांत्या झाल्या, आणि रात्री तो पलंगाखाली जाऊन बसला तो हाक मारूनही बाहेर येईना.

पशुवैद्यांनी त्यास सलाईन लावले, रक्त तपासावयास घेतले आणि खाण्याची चौकशी केली. आम्ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "मास्साब, बोरे पर लिखा क्या था?" आम्हांस उत्तर देता आले नाही. पोते दुकानात होते. त्यावर काय लिहिले आहे हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. पुन्हा दुकानी गेलो, तर ते पोते संपून दुसरे उघडले होते. बुरशीचा संशय डॉक्टरांनी बोलून दाखविला, परंतु खात्री कोणत्या आधारावर करणार? उत्पादकाचे नाव नाही, तारीख नाही, घाण्याचा क्रमांक नाही. यकृतास इजा झाली होती, ती औषधांनी हळूहळू भरून आली. बन्या वाचला. मात्र ते चार दिवस सौभाग्यवती आमच्याशी कामापुरतेच बोलत होत्या, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

आम्हांस अधिक लागली ती निराळीच गोष्ट. शाळेत मध्यान्ह भोजन आले की मुलांच्या पानात पडण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून पाहावे, असा दंडक आहे. धान्य पाहावे, वास घ्यावा, नोंद करावी, हे आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आणि सहकाऱ्यांना शिकवीत आलो. घरी मात्र ज्याला बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही, दुसरे काही मागता येत नाही, अशा जीवापुढे आम्ही न वाचता, न हुंगता वाटी सरकविली. तेव्हापासून आम्ही या विषयाचा जो थोडा अभ्यास केला, तो वाचकांपुढे ठेवितो.

कुत्र्यांसाठी कारखान्यात खाद्य करण्याची कल्पना फार जुनी नव्हे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकावयास आरंभ केला. आज दिसणारे फुगीर दाणे यंत्रातून दाबून, शिजवून काढण्याची पद्धत १९५७ पासून अमेरिकेत रूढ झाली. आता हे उद्योग आपल्या परिसरातही आहेत. २००० सालापर्यंत मध्यप्रदेशात असलेल्या आणि आता छत्तीसगढात गेलेल्या राजनांदगावातून हे खाद्य देशभर जाते. कोणती छाप घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. पाकिटाच्या पुढील बाजूस तुकतुकीत कुत्रा आणि मांसाचा लालबुंद तुकडा छापलेला असतो. तो पाहून मत बनवू नये. पाकीट उलटावे आणि पाठ वाचावी.

पाठीवर प्रथम पाहावे ते नाव, पत्ता, उत्पादनाची तारीख, घाण्याचा क्रमांक आणि ग्राहकांच्या तक्रारीसाठी दिलेला दूरध्वनी. माणसांच्या अन्नाबद्दलचा २००६ चा कायदा कुत्र्यांच्या खाद्यास लागू नाही, हे अनेकांस ठाऊक नसते. वेष्टित मालाच्या नियमांनी उत्पादकाचे नाव, पत्ता, वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापणे मात्र बंधनकारक आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे ११९६८ क्रमांकाचे मानकही आहे. त्याचा उल्लेख असल्यास उत्तम.

दुसरी गोष्ट म्हणजे 'संपूर्ण व समतोल' हे शब्द. याचा अर्थ, केवळ हेच खाऊन कुत्रा निरोगी राहू शकेल असा उत्पादकाचा दावा आहे. 'पूरक' किंवा 'खाऊ' असे लिहिले असेल तर ते रोजचे जेवण नव्हे. त्याच वाक्यात वयही दिलेले असते: पिलासाठी, प्रौढासाठी की सर्व वयांसाठी. अमेरिकेतील पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेने पोषणाची जी प्रमाणे ठरविली आहेत, त्यांत पाण्याचा अंश वजा जाता प्रौढ कुत्र्यास किमान १८ टक्के प्रथिने आणि पिलास २२.५ टक्के सांगितली आहेत. ती संघटना स्वतः कोणत्याही खाद्यास प्रमाणपत्र देत नाही. खाद्य तिच्या प्रमाणांस धरून केले आहे, एवढेच पाकीट सांगू शकते. मोठ्या जातीच्या पिलांना जास्तीचा चुना हाडांस अपायकारक ठरतो, म्हणून प्रेमापोटी कॅल्शियमच्या गोळ्या चारू नयेत.

'पाण्याचा अंश वजा जाता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. गणिताच्या तासाला शोभेल असे उदाहरण घेऊ. डबाबंद ओल्या खाद्यावर ८ टक्के प्रथिने आणि ८० टक्के पाणी लिहिले आहे. कोरड्या दाण्यांवर १८ टक्के प्रथिने आणि १० टक्के पाणी. वरवर पाहता दाणे सरस. परंतु ओल्या खाद्यातील कोरडा भाग २०, त्यात प्रथिने ८, म्हणजे ४० टक्के. दाण्यांतील कोरडा भाग ९०, त्यात १८, म्हणजे २० टक्के. न वाळविता तुलना केली तर फसगत होते. घटकांच्या यादीतही हेच घडते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. कच्चे मांस पाण्याने जड असल्यामुळे ते पहिले येते, आणि पाणी गेल्यावर खरा क्रम निराळा असू शकतो.

आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे आम्हांस आमच्या शाळेतील रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी समजावून दिले. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजीत नाहीत. नत्र मोजतात आणि त्यास ६.२५ ने गुणतात. मेलामाइन या पदार्थात वजनाने दोन तृतीयांश नत्र असतो. तो मिसळला की कागदावर प्रथिने वाढतात, पोषण वाढत नाही. २००७ साली अमेरिकेत चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत ही भेसळ निघाली. मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्री-मांजरे मेली आणि अनेक नावांची खाद्ये बाजारातून परत घ्यावी लागली. पुढील वर्षी तीच भेसळ चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत सापडली. मुक्या जनावराच्या वाटीकडे झालेले दुर्लक्ष पाळण्यापर्यंत पोहोचावयास फार काळ लागत नाही. मात्र तो माल परत घेता आला, याचे कारण पाकिटांवर नाव आणि क्रमांक होते, हेही ध्यानात ठेवावे.

बुरशीची गोष्ट तशीच. मका, भुईमूग यांसारख्या धान्यावर दमट हवेत जी बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृतावर घाला घालते. शिजविण्याच्या उष्णतेनेही ते पुरते नष्ट होत नाही. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत अशाच खाद्याने शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली. म्हणजे बंद पाकीट हाच काही अभय नव्हे. पण तेथे विचारावयास कोणीतरी असते. उघड्या पोत्यामागे कोणीच नसते.

धान्य म्हणजेच वाईट, असा एक नवा समज अलीकडे पसरला आहे. कुत्रा लांडग्याचा वंशज, त्यास धान्य कशाला, असे म्हणतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले की पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळच अधिक असतात; हजारो वर्षे माणसाच्या दारी राहून तो भाकरी पचवावयास शिकला आहे. म्हणजे आमच्या आजीचे अगदीच चुकत नव्हते. मात्र नुसत्या दूधपोळीने त्याचे पोषण पुरे होत नाही. शाकाहारी घरांतून नेहमी विचारणा होते, म्हणून सांगतो: कुत्रा नीट जुळविलेल्या शाकाहारी खाद्यावर राहू शकतो, परंतु ते 'संपूर्ण व समतोल' असावे आणि पशुवैद्यांस विचारून द्यावे. मांजरीस ते चालत नाही. आणि आपल्या पानातील कांदा-लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट कुत्र्यास कधीही देऊ नये.

आता किमतीविषयी. पाकिटावर १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत हे दिलेले असल्यास पाहावे. बन्यासारख्या दहा किलोच्या, खच्ची केलेल्या प्रौढ कुत्र्यास दिवसास साधारण ६३० कॅलरी लागतात. समजा, एक खाद्य किलोस २४० रुपये आणि १०० ग्रॅममध्ये ३२० कॅलरी. दुसरे ३२० रुपये आणि ३९० कॅलरी. पहिले रोज १९७ ग्रॅम लागेल, खर्च ४७ रुपये. दुसरे १६२ ग्रॅम, खर्च ५२ रुपये. किलोमागे ८० रुपयांचा दिसणारा फरक दिवसास पाचच रुपयांवर येतो. महाग ते चांगलेच, असे मात्र नव्हे. हिशेब किलोचा न करता दिवसाचा करावा, एवढेच.

उरलेल्या दोन-तीन गोष्टी घरातल्या आहेत. खाद्य बदलताना सात-आठ दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे वाढवीत न्यावे. महिन्याभरात संपेल एवढेच पाकीट आणावे, आणि पावसाळ्यात त्याहून लहान. दाणे मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, म्हणजे तारीख आणि क्रमांक डोळ्यांसमोर राहतात. शंका आल्यास पाकिटावरील दूरध्वनीवर विचारावे: हे खाद्य कोणत्या कारखान्यात होते, त्याची जुळणी पोषणशास्त्र शिकलेल्या माणसाने केली आहे काय, प्रत्येक घाण्याची तपासणी होते काय? जगभरच्या पशुवैद्यांची संघटनाही हेच प्रश्न विचारावयास सांगते. आम्ही दोन ठिकाणी विचारले. एकाने सविस्तर उत्तर दिले, दुसऱ्याने दिले नाही. आमची निवड त्यावरच झाली.

चांगल्या खाद्याची आमची व्याख्या आता साधी आहे: ज्याच्या मागे उत्तर देणारा कोणी उभा आहे, ते. वाड्यात ते उत्तर आजीपाशी होते. आता ते पाकिटाच्या पाठीवर शोधावे लागते.

परवा कन्या पुण्याहून आली. तिने डबा उघडला, आतील पाकीट उलटून वाचले, दाण्यांचा वास घेतला आणि काही न बोलता झाकण लावले. बन्या तोवर वाटीपाशी जाऊन बसला होता.