माज ओळखा, वेळ साधा



गेल्या हिवाळ्यात एका वस्तीवर हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला गेलो होतो. रान पाहून झाले. चहा घेऊन निघणार, तोच मालक म्हणाले, "साहेब, ती गाय तेवढी बघा. तीनदा भरली, तीनदा उलटली. येत्या बाजाराला दावं सोडायचं ठरलंय."

मी काही जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण गाय पाहिली. संकरित, दुसऱ्या वेताची, अंगाने भरलेली. दर एकवीस दिवसांनी नेमाने माजावर येणारी. सोट स्वच्छ. मी विचारले, "माज दिसतो कधी आणि रेतन करता कधी?"

"संध्याकाळी रानातून आलो की दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रेतन. तुम्हीच शिबिरात सांगितलं होतं ना, संध्याकाळी माज दिसला तर सकाळी भरवा म्हणून?"

सांगितले होते खरे. तेवढ्यात दारातून सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, सोट तर पहाटे शेण काढतानाच दिसतो. तिन्ही वेळा दिसला. मला वाटलं, तुम्हांला ठाऊक असेल."

गाईचा दोष नव्हता. घरातल्या घरात बातमी पोचत नव्हती. आणि थोडा दोष माझाही होता. शिबिराला सगळे पुरुष बसले होते आणि पहाटे गोठ्यात जाणारी बाई घरीच होती. तिला बोलवावे हे मला सुचले नाही.

आता हिशेब मांडून पाहू. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. गंमत अशी, की स्त्रीबीज माजात सुटत नाही. माज संपल्यावर १० ते १४ तासांनी सुटते. म्हणजे माज सुरू झाल्यापासून सरासरी २४ ते ३२ तासांनी. सुटलेले बीज जोमदार राहते ते ६ ते १२ तास. वळूच्या बीजाला गर्भाशयात गेल्यावर फळण्याजोगे व्हायला सहा-आठ तास लागतात. तेव्हा वळूचे बीज आधी जाऊन तयार असावे आणि स्त्रीबीज मागून यावे. बस येण्याआधी आपण फाट्यावर उभे असतो, तसेच हे.

या घरी काय होत होते? माज पहाटे पाचला सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला स्त्रीबीज सुटले. रेतन दहाला. वळूचे बीज तयार होईपर्यंत संध्याकाळ, आणि तोवर स्त्रीबीज शिळे. बस निघून गेली आणि आपण फाट्यावर आलो!

म्हणून नियम पुन्हा सांगतो, नीट लक्षात घ्या. पहाटे किंवा सकाळी माज सुरू झाला, तर त्याच दिवशी संध्याकाळी रेतन. दुपारनंतर वा संध्याकाळी सुरू झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. अमेरिकेतील नेब्रास्का येथे १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून हा नियम पुढे आला आणि आजही गोठ्यात तोच उपयोगी पडतो. पण घड्याळ धरायचे ते पहिल्या खुणेपासून. मालकाला माज कधी दिसला, यावर ते चालत नाही.

खुणा कोणत्या? गाय हंबरते, चारा कमी खाते, दूध चोरते, वारंवार लघवी करते. निरण सुजून लालसर होते. काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा सोट दिसतो. सर्वांत पक्की खूण म्हणजे दुसरे जनावर अंगावर चढले तरी गाय निमूट उभी राहते. जी चढते ती माजावर असेलच असे नाही, जी उभी राहते ती असते. बांधलेल्या जनावरात ही खूण दिसणार कशी? म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ मोकळे सोडा.

म्हशीची तऱ्हा निराळी. तिचा माज पुष्कळदा मुका. एकमेकींवर चढणे क्वचितच. खुणा रात्री आणि पहाटे अधिक, उन्हाळ्यात तर फारच मंद. रात्री झोपण्यापूर्वी कंदील म्हणा, बॅटरी म्हणा, घेऊन एक फेरी मारा. बसलेल्या म्हशीच्या मागे जमिनीवर सोट पडलेला दिसतो. उन्हाळ्यात सावली द्या, अंगावर पाणी मारा.

सोट गढूळ वा पुवाळलेला असेल तर रेतन करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. माजानंतर एक-दोन दिवसांनी गाईच्या निरणातून थोडे रक्त दिसले तर घाबरू नका. वेळ टळून गेली, एवढाच त्याचा अर्थ. तारीख लिहून ठेवा आणि पुढे अठरा-एकोणीस दिवसांनी लक्ष ठेवा.

वेळ बरोबर असूनही तीनदा उलटली, तर मात्र तपासणी हवीच. डॉक्टर इंजेक्शने देऊन स्त्रीबीज ठराविक वेळी सुटेल अशी व्यवस्थाही करू शकतात. माणसांच्या उपचारातही तत्त्व हेच आहे. सोनोग्राफीत स्त्रीबीज वाढलेले पाहून इंजेक्शन देतात आणि साधारण २४ ते ३६ तासांनी बीज गर्भाशयात सोडतात. तिथेही चुकलेल्या वेळेचे खापर बाईच्या माथी फोडू नये आणि तपासणी दोघांची व्हावी, एवढे जाता जाता सांगतो.

हल्ली कालवडच व्हावी म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा मिळते. तिच्यात शुक्राणू कमी असतात, त्यामुळे वेळेची चूक तिथे अधिकच भोवते.

एक उलटणे म्हणजे एकवीस दिवस. तीनदा उलटली की त्रेसष्ट दिवसांची वैरण-पेंड फुकट. त्यापेक्षा गोठ्यात एक कॅलेंडर टांगा, दोरीला पेन्सिल बांधा. खूण ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने तारीख आणि वेळ तिथेच लिहायची. मग ती सून असो, आजी असो, नाहीतर शाळेत जाणारे पोर.

त्या वस्तीवरच्या मालकांनी गाय बाजाराला नेली नाही. पुढच्या माजाला सूनबाईंनी पहाटे हाक मारली आणि त्याच संध्याकाळी रेतन झाले. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासले, गाय गाभण. आता गोठ्यातले कॅलेंडर सूनबाई सांभाळतात. शिबिराचे निमंत्रणही मी आता दोघांच्या नावे धाडतो.